साठीचं पासिंग

सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात पारावर बसलेल्या साठीच्या आसपासच्या माणसांना जन्मतारीख विचारून पाहा. निम्मे तरी १ जून सांगतील. यात ग्रहताऱ्यांचा काही हात नाही. तेव्हा शाळा जूनमध्ये उघडायची. आई पोराला बखोटीला धरून हेडमास्तरांपुढे उभं करायची. मास्तर विचारायचे, जन्म कधीचा? आई सांगायची, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा नुकता पावलं टाकायला लागला होता." आता रजिस्टरच्या रकान्यात भूकंप बसत नाही. मास्तर १ जून लिहायचे, वर्ष अंदाजाने टाकायचे आणि म्हणायचे, "पुढचा!"

आमच्या ह्यांना जन्मतारीख मिळाली ती अशी: १ जून १९६६. त्या सकाळी त्याच रांगेत उभ्या असलेल्या आणखी तिघांनाही तीच मिळाली. शाळा एक, मास्तर एक, दौत एक. त्यातले एक पुढे गुरांचे डॉक्टर झाले, एक बँकेत लागले, एकाने वडिलांचा ऊस पुढे चालवला आणि आमचे हे पाटबंधारे खात्यात गेले. चौघांनाही मी लग्न झाल्यापासून ओळखते. एवढ्या काळात त्यांचं एकमत झालेलं मी दोनच गोष्टींवर पाहिलंय. एक, कंदी पेढा साताऱ्याचाच. दोन, साठावा वाढदिवस मोटरसायकलवर आणि परदेशात.

दुसरं एकमत गेल्या दिवाळीत झालं. तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही.

सासूबाईंना ही साठीच मान्य नाही. त्यांच्या हिशेबाने ह्यांची साठी पोळ्याला, म्हणजे सप्टेंबरात भरते. तेव्हा उग्ररथ शांत करायची, होम घालायचा, गोतावळा जेवायला बोलवायचा, हे त्यांनी केव्हाच ठरवून ठेवलंय. शिवाय यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे आणि अधिकात शांत करत नाहीत. हे ऐकून ह्यांना फार बरं वाटलं. शांत सप्टेंबरात, उग्र रथ जूनमध्ये, अशी त्यांनी तिथल्या तिथे वाटणी करून टाकली. मास्तरांनी दिलेली साठी ह्यांची, आईने दिलेली आईची.

आमची मुलगी गेल्याच डिसेंबरात उजवली. लग्नानंतरच्या पहिल्या अधिकात लेक-जावयाला बोलावून तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं असतं, हे मात्र तारखा ठरवताना कुणाच्या लक्षात आलं नाही. म्हणजे माझ्या आलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं.

पहिली बैठक आमच्या जेवणाच्या टेबलावर भरली. जगाचा नकाशा पसरला आणि पंख्याने उडू नये म्हणून त्याच्या चार कोपऱ्यांवर चिवड्याच्या चार वाट्या ठेवल्या. बँकवाल्या भावजींनी साताऱ्यावर पट्टी ठेवली ती थेट लंडनवर टेकवली. पाकिस्तान, इराण, तुर्कस्तान, मग काय, युरोपच. रेघ इतकी सरळ आली की सगळ्यांना वाटलं निम्मं काम झालं.

पुरावेही भरपूर होते. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. इराण, इराकची वाळवंटं तुडवत तिघांनी ती पुरी केली आणि १९२८ साली ते घरी आले. सायकलवर! १९५७ साली तर लंडनहून कलकत्त्याला चक्क बस आली होती, आत वीस उतारू. आणि टेड सायमन हा इंग्रज पत्रकार १९७३ साली ट्रायम्फ मोटरसायकलवर निघाला, चार वर्षांत भारतासकट जग पालथं घातलं आणि 'ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स' नावाचं पुस्तक लिहिलं. पुढे २००१ साली, सत्तरीला टेकलेला असताना, तो पुन्हा त्याच वाटेने गेला. "सत्तरीला!" म्हणत ह्यांनी टेबलावर हात आपटला आणि थोडा चिवडा काळ्या समुद्रात सांडला. डॉक्टर भावजींनी चे गव्हेराचं नाव काढलं. मी चहा ठेवता ठेवता म्हटलं, चे तेव्हा तेवीस वर्षांचा होता आणि त्याची नॉर्टन चिलीत मोडली. पुढची दक्षिण अमेरिका त्याने मिळेल त्या ट्रकला हात करून पाहिली. यावर कुणी काही बोललं नाही. मी मराठीची शिक्षिका होते, त्यामुळे मला पुस्तकं वाचायची परवानगी आहे, मधेच सांगायची नाही.

रेघेला पहिला खड्डा अटारीला लागला. तिथलं फाटक २०२५च्या एप्रिलमध्ये बंद झालं. मग पट्टी नेपाळवरून तिबेटात सरकवली. चीनमधून स्वतःची गाडी न्यायची तर सरकारमान्य वाटाड्या पूर्ण वाटभर सोबत घ्यावा लागतो, गाडीला तात्पुरती चिनी पाटी लावावी लागते आणि चालवणाऱ्याला तात्पुरता चिनी परवाना काढावा लागतो. वाटाड्याचं येणं-जाणं, राहणं, जेवण आपल्याकडे. "म्हणजे वऱ्हाडात मुलाकडचा माणूस," शेतीवाले भावजी म्हणाले आणि पट्टी उचलली गेली.

पूर्वेकडे पाहिलं. मणिपुरात मोरे आहे, पलीकडे म्यानमारचं तामू. तिथून थायलंडच्या मे सोतपर्यंत साधारण १,३६० किलोमीटरचा तीन देशांचा महामार्ग दोन दशकांहून जास्त काळ घोकला जातोय. पण म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ला लष्कराने सत्ता घेतली आणि त्यानंतर तिथे जे चाललंय त्यात चार सातारकरांची भर नको, असं ठरलं. तेव्हा माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. शाळेत आपण भारत हा द्वीपकल्प आहे असं शिकवतो. मोटरसायकलवाल्यासाठी तो सरळ बेट आहे. तिन्ही बाजूंनी पाणी, चौथीकडून कागद.

कागद म्हणजे नुसता व्हिसा नव्हे. गाडीलाही पासपोर्ट लागतो, त्याला कार्ने म्हणतात. मुंबईत चर्चगेटजवळ वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही १९१९ सालची संस्था आहे, ती तो देते. कार्ने लागणाऱ्या प्रत्येक देशात शिरताना एक शिक्का, निघताना एक. गाडी तिकडेच राहिली तर त्या देशाचं सरकार आयातशुल्क मागतं, म्हणून आधीच अनामत किंवा बँकेची हमी द्यावी लागते आणि काही देशांच्या बाबतीत ती गाडीच्या किमतीच्या कितीतरी पट असते. हमी हा शब्द ऐकल्याबरोबर बँकवाले भावजी, जे आयुष्यभर लोकांकडून हमीदार मागत आले, चष्मा पुसायला लागले. शेतीवाले भावजी म्हणाले, "माझी स्प्लेंडर विकली तर त्या कागदाचा झेरॉक्स येईल."

लंडनचं दार शेवटी बंद केलं ते एका बातमीने. मुंबईहून निघालेला एक तरुण सतरा देश आणि हजारो किलोमीटर पार करून गेल्या ऑगस्टात इंग्लंडात पोहोचला. वाटेत गाडीला कुणी बोट लावलं नाही. नॉटिंगहॅमला एका बागेपाशी गाडी लावून तो नाश्त्याला गेला आणि तेवढ्यात ती चोरीला गेली. इंग्रजांचा आणि आपल्या मालाचा जुना संबंध लक्षात घेता यात नवल नाही, असं हे म्हणाले. पण आवाज पडला होता.

नेपाळ आणि भूतान सोपे होते. तिथे डॉक्टर भावजी आडवे आले. त्यांचं म्हणणं, जिथे पासपोर्ट लागत नाही तो परदेश नाही. भूतानात भारतीय माणसाला मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीसाठी १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. मी विचारलं, एवढे पैसे भरल्यावर तरी परदेश वाटेल का? पण जूनमध्ये तिकडे आपल्यासारखाच पाऊस आणि वर दरडी. आंबेनळी घाटात फुकट मिळणारी गोष्ट थिंफूत जाऊन का घ्यायची, यावर तो ठराव निकालात निघाला.

मग प्रश्न उलटा मांडला. १ जूनला पृथ्वीवर असं ठिकाण कुठे आहे, जिथे मोसमी पाऊस नाही, दुबईसारखं डोकं तापत नाही, पासपोर्ट लागतो, गाडी भाड्याने मिळते, आणि जिथून शेतीवाले भावजी मृगाच्या आत परत येऊ शकतात? मृग ७-८ जूनला निघतो आणि भावजींचं सोयाबीन कुणाच्या साठीसाठी थांबत नाही. किर्गिझस्तानचं नाव निघालं, कारण शेजाऱ्यांचा मुलगा बिश्केकला एमबीबीएस करतो. पण त्याने फोनवर घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं वर्णन इतकं मनापासून केलं की डॉक्टर भावजींसारखा गुरांचा डॉक्टरही गप्प झाला.

उत्तर काढलं जावयाने. हिंजवडीत बसल्या जागी, दोन मिनिटांत. नॉर्वे, नॉर्डकॅप. ट्रोम्सोला विमानाने जायचं, तिथे मोटरसायकली भाड्याने घ्यायच्या आणि युरोपच्या उत्तर टोकाला जाऊन यायचं. कार्ने नको, वाटाड्या नको. नॉर्वे युरोपीय संघात नसला तरी शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे एकच व्हिसा. तेहतीस अनारसे या जावयाला कमीच, असं मला त्या दिवशी वाटलं.

नॉर्डकॅप म्हणजे ७१ अंश उत्तर अक्षांशाच्याही जरा वर, समुद्रातून ३०७ मीटर सरळ उभा कडा. लोक तिथे जाऊन युरोपच्या उत्तर टोकावर उभं राहिल्याचा फोटो काढतात. आता खरं तर त्याच बेटावर शेजारी क्निव्शेलोडन नावाची एक सखल जिभळी आहे, ती त्याच्याहून जराशी उत्तरेला जाते. आणि हे आहे बेट, म्हणजे मुख्य भूमीचं टोक आणखी तिसरंच. हे मी वाचून दाखवलं तेव्हा मला वाटलं बेत मोडेल. झालं उलटंच. जन्मतारीख खरी नाही, टोक खरं नाही, मग जोडी जमली, असं चौघांनी एकमताने ठरवलं. त्यांच्या एकमतांची संख्या आता तीन झाली.

ह्यांचा जीव मात्र टोकात नाही, बोगद्यात आहे. त्या बेटावर जायला समुद्राखालून जवळजवळ सात किलोमीटरचा बोगदा आहे. १९९९ साली तो खुला झाला आणि सर्वांत खोल जागी तो समुद्रसपाटीखाली २१२ मीटर जातो. आमच्या ह्यांची नोकरी कालव्यांची गळती मोजण्यात गेली. डोक्यावर अख्खा समुद्र असताना पाणी झिरपतं किती, ते उपसायला पंप किती अश्वशक्तीचे, एवढंच त्यांना पाहायचंय. सूर्य बघायला इतर तिघे आहेत. खंबाटकीच्या बोगद्यातही हे गाडीची काच खाली करून भिंतीवरचे ओघळ मोजतात.

मी या सगळ्यात एकच अट घातली होती. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचायचं. अट चौघांनी लगेच मान्य केली, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. नॉर्डकॅपला मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य मावळतच नाही.

मात्र हाच सूर्य डॉक्टर भावजींच्या अंगाशी आला. ते संकष्टी कडक पाळतात. चंद्रोदय झाल्याशिवाय अन्न नाही, आणि अधिकातली संकष्टी तर तीन वर्षांतून एकदा येते. ती नेमकी वाढदिवसाच्या मागोमाग आहे. वहिनींनी चंद्रोदयाची वेळ काढायला सांगितली म्हणून जावयाने शोधली, तर उत्तर आलं: उदय नाही. उन्हाळ्यात पौर्णिमेच्या आसपास चंद्र आकाशात इतका दक्षिणेला असतो की त्या टोकावरून तो क्षितिजावर येतच नाही. म्हणजे सूर्य मावळत नाही, चंद्र उगवत नाही आणि भावजी उपाशी. पुरोहितांना विचारलं. त्यांनी बराच विचार करून साताऱ्याच्या चंद्रोदयावर उपास सोडायला परवानगी दिली. साताऱ्यात रात्री दहाच्या सुमारास चंद्र दिसला की वहिनींची जाऊबाई फोन करणार, मग नॉर्वेत लख्ख उजेडात संध्याकाळी भावजी मोदक खाणार. तेही तुपाशिवाय, कारण युरोपबाहेरून दूध-तूप तिकडे नेता येत नाही. बटाटाही नेता येत नाही. बटाट्याला कुणी अडवल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

आता परवान्याकडे येते, कारण खरी मौज तिथेच आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास ते पंचावन्न या वयात परवान्याचं नूतनीकरण केलं तर तो साठ पूर्ण होतात त्या दिवसापर्यंतच चालतो. ह्यांनी त्रेपन्नाव्या वर्षी नूतनीकरण केलेलं. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ह्यांचा परवाना साठाव्या वाढदिवसालाच संपणार. परदेशात चालवायला जो आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, तो आरटीओ एक हजार रुपयांत आणि फार तर एका वर्षासाठी देतं, पण मूळ परवाना जिवंत असेल तोवरच. उत्तर टोकापर्यंत कायदेशीर जायचं आणि वाढदिवसाचा फोटो काढून परत येताना बेकायदा यायचं, असा तो प्रकार होता. सुदैवाने मुदत संपायच्या आधी वर्षभर नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. साठीनंतर मात्र दर पाच वर्षांनी. ट्रकचं पासिंग असतं तसंच.

वयामुळे फॉर्म १-ए लागतो, म्हणजे डॉक्टरचं प्रमाणपत्र. २५ मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का, तांबडा-हिरवा कळतो का, ऐकू येतं का. चौघांनी आपल्या घरच्या डॉक्टरकडे, म्हणजे डॉक्टर भावजींकडे पाहिलं. भावजी म्हणाले, मी बैल धडधाकट असल्याचा दाखला देऊ शकतो. पोळ्याला जन्मलेल्या माणसाला तोही शोभला असता, पण आरटीओत चालत नाही. शेवटी माणसांच्या डॉक्टरकडे गेले. त्याने ह्यांना पलीकडच्या गाडीचा नंबर वाचायला सांगितला. ह्यांनी तो घडाघडा वाचला, कारण गाडी आमचीच होती.

माझा परवाना मी त्याच खेपेत नूतन करून घेतला आणि आंतरराष्ट्रीयही काढला. मी रोज गिअरच्या गाडीने नसले तरी ॲक्टिव्हाने राजवाडा ते पोवई नाका करते, आणि मुलीच्या शिक्षणापायी मारुती चालवत पुण्याच्या असंख्य फेऱ्या मारल्यात. तो का काढला, ते पुढे येईल.

दरम्यान सराव सुरू झाला. ट्रोम्सोत मिळणार आहे ती बीएमडब्ल्यू २३७ किलोंची आहे आणि तिची सीट जमिनीपासून ८५० मिलिमीटर उंच. ह्यांची उंची पाच फूट चार इंच. गाडीवर बसल्यावर ह्यांचा एकच पाय जमिनीला टेकेल, तोही ज्या बाजूला गाडी कलेल तिकडचाच. म्हणजे गाडी पडणार. तेव्हा पडलेली गाडी उचलण्याचं शास्त्र आधी शिकायचं ठरलं. गाडीकडे पाठ करायची, कंबर सीटला लावायची, एका हाताने वळवलेलं हँडल आणि दुसऱ्या हाताने मागचा दांडा धरायचा, आणि पाठीने नाही तर पायांनी रेटत मागे मागे पावलं टाकायची. व्हिडिओतली एक सडपातळ मुलगी हे हसत हसत करते.

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ह्यांची जुनी बुलेट गादीवर आडवी केली. गादी माझी. वॉचमन, दोन दूधवाले आणि पहिल्या मजल्यावरचे सगळे जमले. हे गाडीकडे पाठ करून बसले आणि "एक, दोन, साडेमाडे तीन" झालं. गाडी जागची हलली नाही. ह्यांच्या कमरेतून मात्र एक आवाज आला, जो वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेला. मग बँकवाले भावजी बसले. त्यांनी गाडीला कर्जदाराप्रमाणे आधी समजावलं. शेवटी शेतीवाले भावजी आले, चप्पल काढली, शास्त्राकडे ढुंकून न पाहता समोरून दोन्ही हातांनी हँडल धरलं, आणि गाडी उभी केली. रोज चिखलात रुतलेली स्प्लेंडर काढणाऱ्या माणसाला व्हिडिओ लागत नाही. बाकी तिघांनी त्यांच्याशी दिवसभर नीट बोलणं टाळलं.

बुलेटचा आणखी एक घोटाळा आहे. ती इतकी जुनी आहे की तिचे गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. आताच्या जगातल्या सगळ्या गाड्या बरोबर याच्या उलट. म्हणजे ट्रोम्सोत हे गिअर टाकायला जातील आणि गाडी कचकन उभी राहील, ब्रेक मारायला जातील आणि ती जोरात ओरडेल. त्यात तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं. याचा सराव कसा करायचा, असं ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, साताऱ्यात तो निम्मं गाव रोज करतं, संध्याकाळी बसस्थानकापासून खाली जाऊन या.

विम्यावरही एक संध्याकाळ गेली. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. कित्येक पॉलिसींमध्ये मोठ्या मोटरसायकलला बारीक अक्षरात वगळलेलं असतं, आणि साठच्या पुढे हप्त्याचा रकाना बदलतो. एजंटाने वय विचारलं तेव्हा चौघेही एका सुरात म्हणाले, "एकोणसाठ." आयुष्यात पहिल्यांदा त्या मास्तरांचा त्यांना राग आला असावा. खरी पोळ्याची तारीख लागली असती तर आणखी थोडे दिवस तो रकाना टळला असता.

सामानाची यादी झाली तेव्हा मोटरसायकलच्या तीन पेट्या रक्तदाबाच्या गोळ्या, गुडघ्याचे पट्टे, डॉक्टर भावजींचं घोरण्यावरचं यंत्र आणि चार थर्मासांनी भरल्या. कपडे बाकी होते. तिथे जूनमध्येही पारा पाच-सात अंशांवर असू शकतो, म्हणजे कपडे थोडे नव्हेत. तेव्हा मी माझं एकमेव शस्त्र काढलं. इवान मॅकग्रेगर नावाचा नट आणि त्याचा मित्र २००४ साली लंडन ते न्यूयॉर्क मोटरसायकलवर गेले. ह्यांनी ती मालिका इतक्यांदा पाहिली आहे की संवाद पाठ आहेत. मी म्हटलं, त्यांच्या मागे सामानाच्या दोन गाड्या होत्या, त्या पडद्यावर दिसतात, तुम्हाला कशा दिसल्या नाहीत? तुम्हाला एक तरी लागेल.

एक गाडी ठरली. गाडी चालवणार कोण? चौघे तर मोटरसायकलींवर. तेव्हा माझा आंतरराष्ट्रीय परवाना मी टेबलावर ठेवला. तीन वहिन्यांनी मागच्या सीटवर बसण्याचं तिथेच मान्य केलं, कारण गाडीला सीट तापवायची सोय आहे असं जावयाने सांगितलं होतं. गाडीत पुढे बसून पोह्यांचा डबा सांभाळायचं काम वाटून झालं. तेव्हापासून चौघांपैकी दोघांनी, वेगवेगळ्या वेळी आणि एकमेकांच्या नकळत, मला बाजूला घेऊन विचारलंय की वहिनी, गाडी सात सीटची असेल ना? तिसऱ्याने विचारलं नाही. तिसरे घरातलेच आहेत आणि त्यांनी फक्त, "कमरेला जरा ऊब लागली की बरं असतं," असं म्हटलं. शेतीवाले भावजी तेवढे मोटरसायकलवर ठाम आहेत. त्यांना एकच शंका आहे, त्या गाडीला कॅरिअर असतं का.

आता तारखा. सतरा मेला अधिक लागतो, एकोणीसला अनारसे आणि जावई. सव्वीसला निघायचं, अठ्ठावीसला ट्रोम्सोहून सुटायचं, १ जूनला टोकावर, ७ला साताऱ्यात. सगळं बसलं, तेव्हा बँकवाल्या भावजींनी घसा खाकरला. राज्य सरकारातले लोक अठ्ठावन्नला सुटतात, बँकेतले साठाव्या वर्षी. पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणजे भावजी ३१ मेला. तो आहे रविवार. आदला ३० मे हा महिन्यातला पाचवा शनिवार, आणि बँका दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बंद असतात, पाचव्याला उघड्या. त्या दिवशी चावी, चार्ज, शाल, श्रीफळ आणि साहेबांचं भाषण. त्यातून सुटून ते रात्रीचं विमान पकडणार आणि अधेमधे विमानं बदलत एकदम टोकाजवळच्या होनिंग्सवोगच्या विमानतळावर उतरणार. तिथून त्यांना मी गाडीत घेईन. परत येतानाही ते गाडीतच बसतील, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे अर्ध्या वाटेवरून मोटरसायकल सुरू करणं तत्त्वात बसत नाही.

त्यामुळे एक बीएमडब्ल्यू रिकामी आहे. भाडं भरून झालंय आणि ते परत मिळत नाही, हे मी स्वतः तीन भाषांत वाचून खात्री करून घेतलीय. वाचकांपैकी कुणाला २८ मे ते ४ जून ती चालवायची असेल तर कळवावं. वयाची अट नाही, उपासतापास चालतील, पोहे आमचे. मोटरसायकलचा परवाना हवा, आणि सीट ८५० मिलिमीटर उंच आहे, तेव्हा पाय टेकतात की नाही हे इच्छुकांनी अर्ज करण्यापूर्वी आपापल्या घरी तपासून घ्यावं. गादी पसरून.